उन्हात उडालेली तारीख

आमचे अण्णा शाळेत कारकून होते, पण घरात त्यांचा रुबाब न्यायाधीशाचा होता आणि तो सगळा शाईच्या जोरावर होता. भोकरच्या पलीकडल्या एका गावात हायस्कूल होतं, तिथं ते नांदेडहून रोज एसटीनं जात-येत. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मुलांचे दाखले, शिक्षकांची सेवापुस्तकं, जनरल रजिस्टर, सगळं त्यांच्या हातचं. अक्षर असं की ज्यांना वाचता येत नव्हतं ती माणसंसुद्धा दाखला हातात घेऊन दोन घटका बघत बसायची. रविवारी सकाळी ते आपली दोन्ही पेनं उघडून पितळी वाटीत कोमट पाण्यात घालत, जुन्या धोतराच्या तुकड्यानं निब पुसत आणि मग ड्रॉपरनं शाई भरत. त्या वेळी घरात कुणी जोरात चाललेलंही त्यांना खपत नसे. शाई म्हणजे निळी-काळी, हे त्यांचं ठाम मत होतं. लिहिताना ती फिकट दिसते, वाळली की काळी पडते आणि मग माणूस गेला तरी ती जात नाही. "बाकी सगळं रंगीत पाणी," असं ते शाळेतल्या पोरांना, शिक्षकांना आणि वेळ पडली तर हेडसरांनाही ऐकवत.

गोदावरीकडं उतरणाऱ्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा. उन्हाळ्यात दहा वाजले की पत्रा तापून टकटक वाजायला लागायचा आणि आई म्हणायची, "वाजला गं पत्रा, चल वर." वर म्हणजे शेजारी घरमालकांच्या सिमेंटच्या गच्चीवर. एप्रिल-मे हे दोन महिने ती गच्ची आईचीच असे. कुरडया, शेवया, पापड, येसराच्या मसाल्याचे धणे, मिरच्या. पाय ठेवायला जागा नसायची. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास जिन्यापर्यंत यायचा. जेवायला त्या दिवसांत बहुतेक धपाटे, दही आणि तिळाची चटणी, कारण आईला चुलीपाशी बसायला वेळच नसे. आज माझ्या सुनेनं ऑनलाइन मागवलेल्या कुरडया तळल्या की घर छान भरून जातं, पण तो आंबूस वास येत नाही, आणि तो आल्याशिवाय मला उन्हाळा सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

मी त्या वर्षी अकरावीची परीक्षा देऊन लातूरहून सुट्टीला आले होते. लातूरला मावशीकडं राहून मी सायन्सला शिकत होते. तेव्हा लातूर म्हणजे आजच्यासारखं पाटीवर पाटी लावलेलं क्लासचं शहर नव्हतं, पण रसायनशास्त्राच्या आमच्या बाई फार चांगल्या होत्या. त्यांचं एक वाक्य मी पुढं तीस वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं: तुम्हाला काय वाटतं ते मला सांगू नका, करून काय दिसलं ते सांगा. मी पुढं शिक्षिका झाले त्यात त्या बाईंचा वाटा मोठा आहे. पण त्या मे महिन्यात जे झालं त्याचा वाटा त्याहून मोठा आहे, आणि तेच सांगायला मी बसले आहे.

कौशल्या आमच्या घरी आली ती भर दुपारी. अण्णा त्या दिवशी घरीच होते. दारात एक मुलगी उभी, माझ्याच वयाची, पायांत रबरी चपला, चेहरा उन्हानं लाल झालेला, हातात पिशवी. मागं तिचे वडील होते, पागोट्याच्या टोकानं मान पुसत. शेती करणारी माणसं. अण्णांच्याच शाळेतून ती दोन वर्षांपूर्वी दहावी झाली होती. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर तो हातात घेऊन ती न पिताच म्हणाली, "भाऊसाहेब, माझी तारीख कुठं गेली?"

अण्णांना कळेना. मग तिचे वडीलच बोलले. "नर्सच्या ट्रेनिंगला नंबर लागलाय हिचा. जन्मतारखेचा उतारा आणा म्हनले. काल शाळेत गेलो तर तपासनीचे साहेब आले व्हते. हेडसरांनी त्यांच्यासमूरच रजिस्टर काढलं. नाव हाय पोरीचं, तारीख न्हाई. कोरं हाय तिथं."

"कोरं कसं असेल?" अण्णा म्हणाले. "मी स्वतः लिहिलंय. अंकात आणि अक्षरात."

"तेच साहेब म्हनले," कौशल्या म्हणाली. "म्हनले, लिव्हलेलं व्हतं, कुनीतरी पुसलंय. हिचं वय बसत नसंल म्हनून पुसलं, आन् टी.सी.वर दुसरी तारीख घातली. माझ्या तोंडावर म्हनले. माझीच न्हाई, रजिस्टरात माझ्या खालच्या दोन पोरींच्या पन तारखा गेल्यात. बाकी पान समदं वाचता येतं, थोडं फिकं झालंय एवढंच. म्हंजे फक्त आमच्या तिघींच्याच पुसल्या ना कुनीतरी?"

तिनं तो प्रश्न रागानंच विचारला होता आणि तिच्या रागाचं मला आजही कौतुक वाटतं. रडत आली असती तर आईनं तिला जवळ घेतलं असतं, चहा दिला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती. तिला मुलाखतीला बोलावलं होतं आणि तिथं उतारा दाखवायचा होता. ती पहिली ते चौथी ज्या प्राथमिक शाळेत होती तिथं तारखेची खात्री करता आली असती, पण ती शाळा जूनमध्ये उघडणार होती आणि मुलाखत त्याआधीच होती. तपासणीचे साहेब पंधरा दिवसांनी चौकशीला परत येणार होते. रजिस्टर त्यांनी सील करून हेडसरांच्या कपाटात ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेतून आले. हेडसरांनी त्यांना नीट सांगितलं होतं: शाई पुसायचं औषध बाजारात मिळतं, दोन बाटल्यांत येतं, साहेबांचा संशय त्यावर आहे, आणि रजिस्टरला हात लावणारा माणूस शाळेत एकच आहे. धपाट्याचा एक तुकडा मोडून अण्णांनी ताट सरकवलं. आई म्हणाली, "जेवा की. तुम्ही केलं न्हाई ना? मग कामून बेजार होऊन राहिलेत?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आलं: केलं असेल तर? अण्णांना मुलींच्या शिक्षणाची फार ओढ होती. मला लातूरला पाठवताना सगळ्या भावकीशी ते एकटे भांडले होते. एखाद्या मुलीचा नंबर जाऊ नये म्हणून त्यांनी दोन-चार महिने इकडचे तिकडे केले असतील तर? हा विचार मी कधी कुणाला सांगितला नव्हता. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाहून पुष्कळ पुढं गेलं आहे, म्हणून लिहून टाकते. मुलीनं बापावर संशय घेणं वाईट खरं, पण तो संशय मनात आला नसता तर मी खुर्चीवर बसून अण्णांची बाजू घेत राहिले असते, उठून काही केलं नसतं.

वाट आईनंच दाखवली, तीही कपडे वाळत घालताना. ती आपलं जांभळं लुगडं उलटं करून, सावलीच्या बाजूला, दोरीवर टाकत होती. मी म्हटलं, "आई, ऊन तर तिकडं आहे."

"म्हणून तर इकडं टाकते," ती म्हणाली. "एवढं शिकून राहिलीस, आणि हे माहीत न्हाई? ऊन रंग खातं. जांभळं, निळं तर लई लवकर खातं."

माझ्या डोळ्यांपुढं लातूरच्या खोलीची खिडकी आली. तिथं मी जूनमध्ये कॉलेजचं वेळापत्रक लिहून चिकटवलं होतं. विषयांची नावं माझ्या पेनातल्या चकचकीत निळ्या शाईनं, आणि खालच्या रेघा अण्णांनी दिलेल्या निळ्या-काळ्या शाईनं. परीक्षेपर्यंत त्या कागदावर नुसत्या रेघा राहिल्या होत्या. मावशीचा मुलगा थट्टेनं म्हणालाही होता, ही बघा सुट्टीच लागली. मी हसून कागद फेकून दिला होता.

त्याच दुपारी मी अण्णांना विचारलं, "रजिस्टरात शाई कोणती वापरता तुम्ही?"

"कोणती म्हणजे? निळी-काळी. तुला माहीत नाही?"

"दर वेळी?"

"शकू," ते म्हणाले, "मला तू विचारतेस?"

त्यापुढं विचारायची सोय नव्हती. "आणि रजिस्टर कधी उन्हात होतं का?" एवढं मी दाराआडून विचारलं. "कपाटातली वही उन्हात कशाला येईल?" असं त्यांचं उत्तर आलं.

तरीही मी प्रयोग मांडला. अण्णांकडं शाळेच्या जुन्या रजिस्टरचे कोरे कागद होते, जाड, किंचित पिवळट. त्याच्या मी तीन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या. एकीवर अण्णांची निळी-काळी, दुसरीवर माझी चकचकीत निळी, तिसरीवर शाळेत पाण्यात विरघळवायच्या शाईच्या गोळ्यांची निळी. प्रत्येक पट्टीवर तेच तीन शब्द आणि तीच तारीख. अर्ध्या पट्टीवर साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा बांधला, म्हणजे झाकलेला भाग आणि उघडा भाग शेजारी शेजारी दिसेल. असाच एक संच घरात ट्रंकेत ठेवला. पट्ट्या एका फळीवर टाचण्या मारून बसवल्या आणि फळी गच्चीवर नेली. तिथं खरी अडचण होती. आई कुरडयांची जागा द्यायला तयार नव्हती.

"माझ्या सुपात तुझी चिटोरी नको," ती म्हणाली. "शाई सांडली म्हंजे?"

"वाळलेली आहे. आणि आई, हे अण्णांसाठी आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं, काही न विचारता मिरच्यांचं पोतं ओढून कडेला घेतलं आणि दक्षिणेकडची, दिवसभर उघडी असणारी जागा मोकळी करून दिली. वर एवढंही सांगितलं, "रोज संध्याकाळी खाली आण. पहाटेच्या दहिवराचं काय सांगता येत न्हाई." प्रयोगात पाण्याचा अंश येऊ नये हे मला सुचायच्या आधी तिला सुचलं होतं.

पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी माझी निळी जराशी आकाशी दिसायला लागली. सहाव्या दिवशी गोळ्यांची शाई तशीच झाली. मी वहीत रोज दुपारी चार वाजता नोंद करी, आणि खोटं वाटू नये म्हणून आईलाही विचारी. तिला वाचता फारसं येत नव्हतं, पण रंग मात्र तिच्यासारखा कुणाला कळत नसे. "हे कालच्याहून उतरलं," ती म्हणायची. "हे हाय तसंच." निळी-काळी हट्टी निघाली. तिचा निळेपणा गेला, पण खालून राखाडी-काळी ओळ स्पष्ट राहिली. मधल्या काळात मी दुकानातून ते शाई पुसायचं औषधही आणलं आणि दुसऱ्या कागदावर वापरून पाहिलं. त्यानं निळी तर जातेच, निळी-काळीही जाते, आणि कागदाचा तेवढा भाग खरखरीत होऊन पिवळा पडतो. बाराव्या दिवशी मी पुठ्ठे सोडले. पुठ्ठ्याखाली माझी निळी कालच लिहिल्यासारखी चमकत होती आणि पुठ्ठ्याच्या कडेला अगदी सरळ रेषेत संपत होती. 'जन्मतारीख' या शब्दातला 'ता' अर्धा होता, अर्धा नव्हता. पुढं कोरा कागद.

मला एकदम आठवलं की कौशल्यानं जाताना काय सांगितलं होतं. "माझं नाव हाय, बापाचं नाव हाय, आडनावाची पहिली दोन अक्षरं हायत. तिसरं अर्धंच हाय." अर्धं अक्षर पुसायला कोण बसेल? लबाडी करणारा माणूस तारीख पुसतो, आडनावाचं अर्धं अक्षर पुसत नाही. मला तेव्हा जो आनंद झाला तो पुढं कुठल्याच प्रयोगशाळेत झाला नाही. अण्णांनी पुसलेलं नव्हतं. पण त्या तीन ओळी निळ्या-काळ्यात लिहिलेल्या नव्हत्या, हेही तेवढंच खरं होतं.

संध्याकाळी मी अण्णांना गच्चीवर बोलावलं आणि फळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ धरली. अंगठ्यानं कोऱ्या भागावरून हात फिरवला. खाली गल्लीत कुणाच्या तरी घरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या.

"अण्णा," मी म्हणाले, "त्या तीन ओळी चकचकीत निळ्यातल्या आहेत."

ते आधी रागावतील असं मला वाटलं होतं. तसे ते रागावलेही, पण आवाज चढला नाही. "वीस वर्षं मी लोकांना शाईवरून बोलतोय," ते म्हणाले आणि थांबले. मग आईच्या पाटावर बसले. "त्या वर्षी पाचवीला एकदम तीन पोरी आल्या. त्याच्या आधी वर्षाला एखादी यायची, कधी तीही नाही. तिघींचे बाप ओळीनं उभे होते. माझ्या टेबलावर एका मास्तरांनी दिलेली नवी दौत होती, तसला निळा रंग मी पाहिला नव्हता. मला वाटलं, ही तीन नावं चांगली दिसली पाहिजेत. वर खाली सगळी पोरांची नावं निळ्या-काळ्यात, आणि मधे ह्या तीन. फार सुंदर दिसायची गं ती ओळ. मी मधूनमधून उघडून बघायचो. तिघी दाखले घेऊन गेल्यापासून मात्र ते पान उघडलं नाही."

माझ्या बापानं असं काही बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. "मग हेच सांगा साहेबांना," मी म्हणाले.

"सांगितलं म्हणजे मी नियम मोडला हे माझ्या तोंडून झालं. सेवापुस्तकाला लागेल."

"आणि नाही सांगितलं तर तुम्ही तारीख पुसली असं होईल. आणि कौशल्याचा नंबर जाईल."

ते उठले, फळी माझ्या हातात परत दिली आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडला निघताना आईला म्हणाले, "शकूलाही डबा बांध."

शाळेत आम्ही पोचलो तेव्हा साहेब यायचे होते. व्हरांड्यात शाळेचे शिपाई शेषराव मामा झाडत होते. साठीला आलेला, खाकी टोपीचा, फार थोडं बोलणारा माणूस. मी पाणी प्यायला गेले. माठ तसा नवाच दिसला, म्हणून सहज म्हटलं, "मामा, माठ नवा आणला वाटतं?"

"गेल्या उन्हाळ्यात आनला," ते म्हणाले. "जुना फुटला न्हाई का सुट्टीत. हापिसातल्या कपाटाजवळच व्हता. खालच्या खणात समदं पानी. जुन्या रद्दी फायलींचा तर लगदा झाला. रजिस्टर तेवढं वाचलं, कडाच भिजल्या. म्या बारा-तेरा दिवस मैदानात टाकलं वाळत, मधी उघडून. पानं उडू नये म्हनून अर्धी वीट ठिवली. सांजच्याला विटेसकट आत न्यायचो. भाऊसाहेब सुट्टीवर व्हते. असं वाळवलं की कुनाला कळलं बी न्हाई."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. "मामा, हे कुणाला सांगितलं का नाही तुम्ही?"

"कुनी इचारलं न्हाई," ते साधेपणानं म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांचा चेहरा उतरला. "कामून? काही चुकलं का माझं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ते झाडूला टेकून उभे राहिले. नोकरीची दोनच वर्षं उरली होती त्यांची. "साहेबासमूर सांगावं लागंल?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "बरं," ते म्हणाले.

तपासणीचे साहेब उंच, चष्मेवाले, कोरड्या आवाजाचे होते. हेडसरांच्या खोलीत ते, हेडसर, अण्णा, दाराशी कौशल्या आणि तिचे वडील. मला त्यांनी आधी बाहेरच थांबायला सांगितलं. मी म्हणाले, "साहेब, मी भाऊसाहेबांची मुलगी आहे, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. फक्त हे बघा." आणि फळी त्यांच्या टेबलावर ठेवली. सतरा वर्षांच्या मुलीला एवढा धीर कुठून आला असं पुढं मला पुष्कळांनी विचारलं. धीर कसला, माझ्याकडं बारा दिवसांच्या नोंदी होत्या.

त्यांनी पट्ट्या पाहिल्या, वही वाचली. औषध लावलेला कागद खिडकीशी नेऊन बोटानं चाचपला. मग सील तोडून रजिस्टर उघडलं. ते पान मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डाव्या बाजूला तीन ओळी चमकत्या निळ्या, इतक्या निळ्या की अण्णा त्या का उघडून बघत असतील ते मला तिथंच समजलं. तिन्ही ओळी एका सरळ उभ्या कडेवर तुटत होत्या. पुढं कोरं, गुळगुळीत, कुठंही खरखर नाही. वरखालच्या ओळी त्याच कडेपासून राखाडी झालेल्या, पण वाचता येत होत्या.

"रजिस्टर उन्हात गेलं कधी?" साहेबांनी विचारलं.

"म्या नेलं साहेब," दारातून शेषराव मामा म्हणाले. त्यांनी माठापासून विटेपर्यंत सगळं क्रमानं सांगितलं. साहेबांनी मैदानातून अर्धी वीट आणवली, पानावर ठेवली. कड कडेला लागली.

मग साहेब अण्णांकडं वळले. "रजिस्टरला निळी-काळी शाई वापरावी असा नियम आहे. ह्या तीन नोंदी दुसऱ्या शाईत आहेत, हे तुम्ही कबूल करता?"

अण्णा उभे होते. त्यांच्या खिशाला दोन पेनं होती. त्यांनी कौशल्याकडं एकदा पाहिलं. "हो साहेब," ते म्हणाले. "मीच वापरली. मला तो रंग आवडला होता."

"आवडला होता?"

"तीन मुली आल्या होत्या, साहेब. मला आनंद झाला होता."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग हेडसरांना म्हणाले, "पान खिडकीत तिरपं धरा. निबेचा दाब उमटलेला असतो. टी.सी. माझ्याकडं आहे, ती मी आत्ता दाखवणार नाही. काय दिसतं ते वाचा." हेडसरांनी पान उन्हाच्या तिरपेला धरलं, डोळे बारीक केले आणि एक एक अंक वाचायला लागले. अण्णांचा हात लिहिताना जड पडायचा हे त्या दिवशी कामाला आलं. कौशल्या ओठ हलवत त्यांच्याबरोबर तारीख म्हणत होती. साहेबांनी हातातल्या टी.सी.शी ती ताडून पाहिली आणि मान हलवली. "जुळते. उतारा द्या. प्राथमिक शाळा उघडली की तिथल्या नोंदीशीही मेळ घालून मला कळवा."

कौशल्याच्या वडिलांनी शेषराव मामांना मिठीच मारली. कौशल्या मात्र माझ्याकडं आली आणि फळीवरची माझी निळी पट्टी बोट लावून म्हणाली, "ही मला देशील?" मी टाचण्या काढून दिली. ती नर्स झाली, पुढं सिस्टर इनचार्ज झाली, आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांना हक्कानं हजर होती. जूनमध्ये प्राथमिक शाळेची नोंदही जुळली. पण ते नंतर.

त्या दुपारी साहेबांनी जाण्याआधी एक कागद लिहून दिला. शेषरावांना काही नाही. अण्णांना लेखी ताकीद, आणि तिची नोंद सेवापुस्तकात घ्यावी. साहेब गेले. अण्णांनी आधी कौशल्याचा उतारा लिहिला, निळ्या-काळ्यात, सावकाश. तो घेऊन ती माणसं गेली. मग अण्णांनी कपाटातून सेवापुस्तकं काढली. शाळेत सेवापुस्तकं लिहिणारा माणूस एकच होता, तेव्हा हीही नोंद त्यांनाच करायची होती. हेडसर संकोचून म्हणाले, "भाऊसाहेब, थोडक्यात लिहा. 'ताकीद दिली' एवढं पुरे. मी सही करतो."

अण्णांनी साहेबांचा कागद उजवीकडं ठेवला, पट्टीनं रेघ आखली आणि अख्खा मजकूर उतरवून काढला. 'निष्काळजीपणा' हा शब्द त्यांनी इतरांसारखाच वळणदार लिहिला. संपल्यावर त्यावर टिपकागद ठेवला नाही, पंख्याखाली वाळू दिलं. मग पुस्तक माझ्यापुढं सरकवलं.

"बघ गं शकू, काही राहिलं का."

मी साहेबांच्या कागदाशी ओळ अन् ओळ ताडून पाहिली. काना-मात्रासुद्धा गळालेली नव्हती. "काही नाही राहिलं, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पुस्तक सहीसाठी हेडसरांपुढं ठेवलं.